टिंबवाला एल पुन्हा गायब? फॉन्ट बदलू नका, आधी त्याचा नंबर विचारा

"ताई, रंकाळा बरोबर आलाय, पन्हाळा बरोबर आलाय, पण कळंब्याचा चौकोन झालाय. आणि मंगळवार पेठेचा पण."

फोन सकाळी सव्वाआठचा. दुकान उघडायचं होतं. बोलणारा पोरगा शिरोळ तालुक्यातला, कोल्हापूर परिसरातली गावांची नावं आणि शिलालेख या विषयावर त्याचा इंग्रजीतला प्रबंध. दोनच दिवसांपूर्वी मी त्याची फाइल नीट करून दिली होती, आणि त्याच्या आधीही दोनदा. दर वेळी तक्रार एकच: इंग्रजी एलच्या पोटाखाली दिलेलं टिंब गेलं. कधी चौकोन, कधी प्रश्नचिन्ह, कधी टिंब शेजारच्या अक्षराखाली जाऊन बसलेलं.

राजारामपुरीत आमचं टायपिंग आणि डीटीपीचं दुकान आहे. या एका अक्षरानं आमचे जितके तास खाल्ले तितके लग्नपत्रिकांच्या मोसमानंही खाल्ले नसतील. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. पुढच्या वेळी कुणाचा फोन आला की हेच पाठवणार.

एक आधीच सांगते. ते अक्षर मी या मजकुरात कुठंही छापलेलं नाही. हे लिखाण कुणाच्या कुठल्या फोनवर उघडेल सांगता येत नाही, आणि ज्या अक्षराचा चौकोन होतो त्यावरच्या सूचनांमध्ये चौकोन दिसला तर वाचणाऱ्यानं करायचं काय? म्हणून मी त्याला "टिंबवाला एल" म्हणेन आणि त्याचा युनिकोड नंबर देईन, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरवून दिलेला नंबर. लहान लिपीतला १ई३७, मोठ्या लिपीतला १ई३६. मधला "ई" म्हणजे इंग्रजी पाचवं अक्षर. टाइप करताना आकडे आणि अक्षर दोन्ही इंग्रजी कीबोर्डवरून.

हे अक्षर लागतं कशाला

आपल्या ळ साठी. नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये ल आणि ळ एकाच एलवर भागवतात. सरकारी नकाशे आणि पाट्यांवर चालणारी हंटेरियन पद्धतही हा फरक दाखवत नाही. बसच्या पाटीवर ते खपून जातं. पण गावाच्या नावाची व्युत्पत्ती सांगणाऱ्या प्रबंधात काळ आणि काल, वेळ आणि वेल, नळ आणि नल एकच दिसायला लागले तर तो प्रबंध कसला? २००१ साली आलेल्या आयएसओ १५९१९ या मानकात ळ साठी टिंबवाला एल ठरलेला आहे. कन्नडमधल्या ळ साठीही तोच.

इथंच पहिली गोम आहे. संस्कृतवाले जी आयएएसटी पद्धत वापरतात, जिचं मूळ १८९४ च्या जिनिव्हातल्या प्राच्यविद्या परिषदेत आहे, तिच्यात हाच टिंबवाला एल ळ साठी नसून ऌ या स्वरासाठी आहे. वर्णमालेच्या तक्त्यात ऋ नंतर जो बसतो आणि रोजच्या मराठीत फक्त "क्लृप्ती"त भेटतो, तो. म्हणजे एकच अक्षर, दोन पद्धती, दोन अर्थ. आयएसओवाल्यांनी ऌ साठी एलखाली बारीक वर्तुळ दिलं आणि टिंब ळ ला मोकळं ठेवलं. तुमचे मार्गदर्शक कुठल्या पद्धतीचे आहेत ते पहिल्या प्रकरणाआधी विचारून घ्या आणि प्रस्तावनेत एका ओळीत लिहून टाका. हे न केल्यानं काय होतं त्याचा किस्सा पुढं येतोच.

आधी नंबर विचारा

अक्षर बिघडलं की प्रत्येक जण पहिल्यांदा फॉन्ट बदलतो. मीही पहिली काही वर्षं तेच करत होते. सगळं सिलेक्ट करायचं, टाइम्स न्यू रोमन लावायचं, नाही जमलं तर एरियल, मग देवाचं नाव. त्यानं कधीकधी बरं वाटतं, पण दुखणं काय होतं ते कळत नाही, आणि आठवड्यानं पेशंट परत दारात.

वर्डमध्ये कर्सर त्या अक्षराच्या लगेच पुढे ठेवा आणि आल्ट धरून एक्स दाबा. अक्षराच्या जागी त्याचा नंबर येतो. बघितलं की कंट्रोल झेडनं परत जा. पुन्हा आल्ट एक्स दाबून परतू नका, का ते खाली सांगते. लिब्रे ऑफिसमध्येही हेच चालतं.

१ई३७ आला तर अक्षर धडधाकट आहे, तक्रार फॉन्टची किंवा छपाईची. ०३२३ आला तर ते टिंब एलपासून सुटं आहे: साधा एल आणि त्याच्या मागून आलेलं जोड-टिंब. ००३एफ आला तर ते खरोखरचं प्रश्नचिन्ह आहे आणि मूळ अक्षर मेलेलं आहे. दुसराच काही नंबर आला तर कुणीतरी तोतया बसवलाय. एवढ्यावरच निम्मं काम होतं.

वर्ड हाताशी नसेल तर बॅकस्पेसची परीक्षा करा. अक्षराच्या पुढे कर्सर ठेवून एकदाच बॅकस्पेस मारा. अख्खं अक्षर गेलं तर ते एकसंध, नुसतं टिंब गेलं आणि एल उरला तर ते जोडलेलं. सगळ्याच ॲपमध्ये हे शंभर टक्के चालत नाही, पण बहुतेक ठिकाणी अंदाज येतो.

रंकाळा चालतो, कळंबा का नाही

आता त्या फोनकडे येऊ. हे कोडं सोडवायला मला अख्खी दुपार लागली, आणि उत्तर कळलं तेव्हा स्वतःच्याच डोक्यात टपली मारावीशी वाटली.

त्या पोराला मी शिकवलं होतं, की जिथं ळ हवा तिथं १ई३७ टाइप कर आणि आल्ट एक्स दाब. तो तेच करत होता. रंकाळा, पन्हाळा, शिरोळ अगदी झकास. पण कळंबा, कळे, मंगळवार पेठ इथं चौकोन. मी फॉन्ट तपासला, एकच. भाषा तपासली, एकच. शेवटी दोन्ही यादी शेजारी लिहिल्या आणि टिंबवाल्या एलच्या आधी काय येतंय ते बघितलं. रंकाळा आणि पन्हाळ्यात आधी दीर्घ आ, म्हणजे डोक्यावर आडवी रेघ असलेला ए. शिरोळमध्ये ओ. आणि कळंबा, कळे, मंगळवार या तिन्हींत आधी साधा ए.

युनिकोडचे नंबर सोळाच्या पाढ्यात असतात. शून्य ते नऊ झाले की पुढचे आकडे म्हणून इंग्रजी ए ते एफ वापरतात. त्यामुळे तुम्ही के, ए, १ई३७ असं सलग टाइप करून आल्ट एक्स दाबलंत, तर वर्डला वाटतं की नंबर "१ई३७" नसून "ए१ई३७" आहे. त्या नंबरवर कुठलंच अक्षर नेमलेलं नाही. मग चौकोन. रेघवाला ए हा सोळाच्या पाढ्यातला आकडा नाही, म्हणून रंकाळा सुटला.

ओळखायची खूण सोपी. चौकोनानं आधीचं अक्षरही गिळलं असेल, म्हणजे कळंब्यातला के आहे पण ए नाही, तर हेच दुखणं. आधीचं अक्षर जागेवर असेल तर दुखणं फॉन्टचं. उपाय: नुसते ते चार आकडे माउसनं सिलेक्ट करायचे आणि मग आल्ट एक्स. किंवा आधी नंबर एका मोकळ्या जागेनंतर टाइप करायचा, अक्षर झालं की ती जागा पुसायची.

आणि नंबर बघून झाल्यावर कंट्रोल झेडच दाबा म्हटलं ते याचसाठी. तपासायला म्हणून अक्षराचा नंबर काढला आणि परत आल्ट एक्सनं अक्षर करायला गेलात, तर मागचा ए पुन्हा आत ओढला जातो. त्या फाइलमधले निम्मे चौकोन पोरानं केले होते. उरलेले निम्मे मी तपासताना केले होते. हे मी त्याला सांगितलं नाही. आता वाचेलच.

फॉन्टचा खरा दोष असेल तेव्हा

नंबर १ई३७ आहे, आधीचं अक्षर शाबूत आहे, तरी चौकोन दिसतोय. आता फॉन्टकडे वळायला हरकत नाही.

लोक म्हणतात, "अहो, याच फॉन्टमध्ये इंग्रजी एच्या खाली टिंब येतंय की!" येतं, कारण ते व्हिएतनामी भाषेला लागतं. त्या भाषेत ए, ई, आय, ओ, यू, वाय या स्वरांखाली टिंब येतं आणि पुष्कळ फॉन्ट व्हिएतनामीसाठी तेवढे स्वर भरून देतात. आपल्याला हवे असतात ते व्यंजनांखालचे टिंब: ट, ड, ण, ष आणि ळ. युनिकोडमध्ये दोन्ही एकाच मोठ्या वाड्यात राहतात, १ई०० ते १ईएफएफ, पण व्हिएतनामी मंडळी वाड्याच्या मागच्या सोप्यात. फॉन्ट बनवणाऱ्यानं मागच्या सोप्यात दिवा लावला म्हणून पुढच्या खोलीत उजेड येत नाही. विंडोज एक्सपीच्या काळातल्या टाइम्स न्यू रोमनची हीच गत होती, नंतरच्या आवृत्त्यांत ही उणीव भरली गेली. म्हणून घरच्या लॅपटॉपवर दिसतं आणि एखाद्या कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवर दिसत नाही.

मी आता वाद घालत नाही. जेन्टियम, कॅरिस किंवा नोटो सेरिफ, तिन्ही फुकट मिळतात आणि तिन्हींत हे अक्षर आहे. मला जेन्टियम आवडतो. त्यातलं टिंब ठळक आहे आणि झेरॉक्सच्या दुसऱ्या पिढीतही टिकतं.

आणखी एक फसवा प्रकार आहे. चौकोन नाही, अक्षर दिसतंय, पण शब्दातला तेवढाच एल जाडसर किंवा किंचित वर उचललेला. फॉन्टमध्ये अक्षर नव्हतं म्हणून सॉफ्टवेअरनं शेजारच्या फॉन्टकडून उसनं आणलं. स्क्रीनवर लक्षात येत नाही, प्रिंटवर डोळ्यात खुपतं. मार्गदर्शकांना तर हमखास दिसतं, देव जाणे कसं.

प्रश्नचिन्ह आलं की आशा सोडा

प्रश्नचिन्ह आणि चौकोन हे वेगळे आजार आहेत. चौकोन म्हणजे अक्षर आत आहे, अंगावर कपडे नाहीत. प्रश्नचिन्ह म्हणजे अक्षर फेकून दिलं आणि त्या जागी खरंच प्रश्नचिन्ह लिहिलं. नंतर कितीही फॉन्ट बदला, ते परत येणार नाही.

हे होतं जुन्या वाटेनं गेल्यावर. कोल्हापुरातल्या कित्येक प्रेसमध्ये अजून पेजमेकर हे पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर चालतं आणि मराठी मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये बसवला जातो. त्या फॉन्टची युक्ती अशी, की इंग्रजी अक्षरांच्या जागांवरच देवनागरीचे तुकडे बसवलेले. पेजमेकरला युनिकोड कळत नाही. तिथं टिंबवाला एल नेऊन टाकणं म्हणजे गंगावेशीच्या गल्लीत ट्रेलर घालणं. नोटपॅडमध्ये फाइल "एएनएसआय" या जुन्या पद्धतीत सेव्ह केली तरी तेच. आणि यात एक कपट आहे: रेघवाला ए गुपचूप साधा ए होतो, त्यामुळे तुम्हाला वाटतं निम्मं तरी वाचलं. नाही. रेघा गेल्या त्याही गेल्याच, फक्त त्यांनी आरडाओरडा केला नाही.

२०१९ नंतरच्या विंडोज १० मध्ये नोटपॅड आपणहून यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड अक्षरं टिकवणाऱ्या पद्धतीत, सेव्ह करतं. जुन्या मशीनवर सेव्ह करताना खालच्या खिडकीत ते हातानं निवडावं लागतं. प्रेसवाल्याला मजकूर द्यायचा असेल तर पीडीएफ द्या, किंवा तो भाग इनडिझाइनमध्ये लावून घ्या. मूळ फाइल जपून ठेवा, हे सांगायला नको. तरी सांगते, कारण दर वर्षी कुणीतरी प्रश्नचिन्हांनी भरलेली एकच प्रत घेऊन येतं आणि मग सूचीतले एकेक गाव हातानं दुरुस्त करत बसावं लागतं.

एकाच्या जागी तीन अक्षरं

एक्सेलवाल्यांचा हा खास आजार. गावांची सूची सीएसव्हीमध्ये पाठवली, समोरच्यानं डबल क्लिक करून उघडली, आणि टिंबवाल्या एलच्या जागी तीन चिन्हं: डोक्यावर तिरकी रेघ असलेला ए, मग एक सुटी शेपटी, मग ओळीच्या मधोमध ठिपका. घाबरू नका, हा आजार बरा होणारा आहे. यूटीएफ-८ मध्ये आपलं अक्षर तीन बाइटमध्ये साठवतात. एक्सेलनं ते तीन बाइट जुन्या पद्धतीनं तीन वेगवेगळी अक्षरं म्हणून वाचले, इतकंच.

फक्त ती बिघडलेली फाइल सेव्ह करू नका. बंद करा. नवीन एक्सेल उघडून डेटा मेनूतून टेक्स्ट किंवा सीएसव्ही आयात करा आणि फाइलचं मूळ विचारेल तिथं ६५००१ निवडा. पाठवणारे तुम्ही असाल तर "सीएसव्ही यूटीएफ-८" या प्रकारातच सेव्ह करा. नुसता सीएसव्ही नको.

दिसतंय तेच, पण शोधलं तर सापडत नाही

हा सगळ्यात चोरटा. पानावर पन्हाळा चाळीसदा आहे, शोधलं तर अकराच सापडतात. उरलेले डोळ्यांना अगदी तसेच दिसतात.

कारण टिंबवाला एल दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकसंध, म्हणजे १ई३७. किंवा साधा एल आणि मागोमाग ०३२३ हे जोड-टिंब. युनिकोडच्या नियमानं दोन्ही सारखेच धरायचे असतात, पण शोधणारं प्रत्येक सॉफ्टवेअर तो नियम पाळेलच असं नाही. तुम्ही टाइप केलेलं एकसंध, पीडीएफमधून उचललेलं जोडलेलं, मित्रानं मॅकवरून पाठवलेलं कधी असं, कधी तसं. प्रबंध एकाच माणसाचा असला तरी मजकूर दहा ठिकाणाहून येतो. टिंब शेजारच्या अक्षराखाली सरकलेलं दिसतं तेही बहुतेक वेळा या जोडलेल्या प्रकारातच, फॉन्टला जोड-टिंब कुठं टेकवायचं ते माहीत नसल्यामुळे.

आपल्या देवनागरीतही हा प्रकार आहे. तमिळ किंवा जुन्या कन्नडसाठी ळ खाली नुक्ता देऊन जो ऴ लिहितात तो एकसंधही असतो आणि ळ अधिक नुक्ता असाही असतो.

उपाय: बदला-शोधाच्या खिडकीत वरच्या खान्यात जोडलेलं अक्षर मजकुरातूनच कॉपी करून टाका, खालच्या खान्यात एकसंध, आणि सगळे बदला. आधी एका पानावर करून बघा. टिंबवाले ट, ड, ण, ष यांचंही तसंच करावं लागेल, नाहीतर ळ सुधारला आणि ण तसाच राहिला असं होतं. संगणकातलं थोडं कळणारा कुणी ओळखीचा असेल तर त्याला म्हणा, "सगळा मजकूर एनएफसी करून दे," म्हणजे सुटी टिंबं आपापल्या अक्षरात मिसळून एकसंध होतील. पायथनमध्ये एका ओळीचं काम आहे, तो चहाचेही पैसे घेणार नाही. प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारावर, चढणार असेल तर हे कराच. उद्या कुणी तुमच्या प्रबंधात पन्हाळा शोधेल आणि त्याला अकराच सापडतील.

तोतये

इन्सर्ट सिंबॉलच्या जंगलात शिरलेला माणूस एलसारखं जे दिसेल ते उचलून आणतो. लाटव्हियन भाषेतला एल सगळ्यात जास्त फसवतो, कारण त्याच्याखाली टिंबासारखाच दिसणारा स्वल्पविराम असतो. नंबर ०१३सी. पोलिश एल, ०१४२, त्याच्या अंगावरून तिरकी रेघ जाते. त्यालाही मी ळ च्या जागी बघितलंय. भाषाशास्त्राच्या पोरांकडे आणखी एक असतो, खाली उजवीकडे आकडा वळवलेला, ०२६डी. तो उच्चार दाखवायला बरोबर आहे, ळ चाच ध्वनी आहे तो. पण लिप्यंतरात तो चालत नाही. आणि एका बाईंनी तर साध्या एलपुढे पूर्णविराम देऊन तो सबस्क्रिप्ट केला होता, एकशे साठ ठिकाणी. मेहनतीला सलाम, पण जिथं शब्दच ळ नं संपत होता तिथं वर्डनं वाक्य संपलं असं समजून पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर मोठं केलं होतं.

सगळ्यात नाजूक भाऊबंद म्हणजे खाली टिंबाऐवजी आडवी रेघ असलेला एल, १ई३बी. हा तोतया नाही, हा खरा आहे आणि कोल्हापूरच्या शिलालेखांत लागतो. इथल्या शिलाहार राजांचे कितीतरी लेख कन्नडमध्ये आहेत आणि त्या काळच्या कन्नडमध्ये ळ शिवाय आणखी एक ळ सारखं अक्षर होतं, तमिळमधल्या तशाच अक्षराचं भावंड. पुढं कन्नडमधून ते गेलं. लिप्यंतरात ळ ला टिंब आणि त्या जुन्या अक्षराला रेघ. दहा पॉइंटच्या छपाईत टिंब आणि रेघ यात केसाइतका फरक दिसतो. त्या पोराच्या फाइलमध्ये मी "सगळे एकसारखे करून टाकते" म्हणून रेघवाले चौदा एल टिंबवाले केले होते. त्याच्या मार्गदर्शकांनी लाल पेनानं प्रत्येकाला गोल केला. त्यांचं बरोबर होतं. माहीत नसलेल्या अक्षराला हात लावण्यापूर्वी विचारावं.

टिंब आहे, पण दिसत नाही

गावाच्या नावाला अधोरेखा दिली की टिंब रेघेत बुडतं. लिंक केली तरी तेच. नावं अधोरेखित करण्याऐवजी तिरकी करा. ओळींमधलं अंतर "एक्झॅक्टली" म्हणून घट्ट बांधलं असेल तर टिंबाचा खालचा भाग कापला जातो. ते "मल्टिपल" किंवा "ॲट लीस्ट" करा. आणि टोनर संपत आलेल्या मशीनवर अंतिम प्रत काढू नका, सात-आठ पॉइंटच्या तळटिपांतली टिंबं पहिली जातात.

उलट्या वाटेनं येताना

आता तो मघाचा किस्सा. इंग्रजीतल्या यादीची मराठी सूची करायची होती. शेकडो नावं हातानं कोण लिहिणार, म्हणून मी ती लिप्यंतर करणाऱ्या एका साधनात टाकली. बाहेर आलं "रंकाऌआ", "पन्हाऌआ". पोरगं पोट धरून हसलं. साधन चुकलं नव्हतं. मी पद्धत आयएएसटी निवडली होती, आणि त्या पद्धतीत टिंबवाला एल म्हणजे ऌ. आयएसओ निवडल्याबरोबर रंकाळा पाण्यानं भरला.

मी आता टाइप कशी करते

रोज नंबर टाइप करत नाही. वर्डच्या ऑटो करेक्टमध्ये एल आणि पाठोपाठ दोन स्वल्पविराम असं लिहिलं की त्याचं टिंबवालं अक्षर व्हावं अशी नोंद केली आहे. शब्दाच्या मध्ये ती आपोआप लागू होत नाही, म्हणून त्याच अक्षराला सिंबॉलच्या खिडकीतून शॉर्टकट की पण दिली आहे. सरावानं तीच जास्त वापरली जाते. गुगल डॉक्समध्ये इन्सर्टमधल्या विशेष चिन्हांच्या शोधखान्यात नंबर टाकला की अक्षर समोर येतं. मॅकवर कीबोर्ड "एबीसी एक्स्टेंडेड" केला की ऑप्शन धरून एक्स, सोडून एल. लिनक्सच्या बहुतेक मशीनवर कंट्रोल, शिफ्ट आणि यू, मग नंबर, मग एंटर. फोनवर एकदा कुठूनतरी कॉपी करून स्वतःच्या शब्दकोशात शॉर्टकट म्हणून साठवून ठेवा.

बाहेर छापायला देताना पीडीएफच, आणि सेव्ह करताना पर्यायांत पीडीएफ-ए ची खूण करून. त्यात फॉन्ट फाइलच्या आतच भरले जातात. वर्ड फाइलच द्यावी लागली तर सेटिंगमध्ये फॉन्ट एम्बेड करा. आणि पहिल्या पानाच्या आधी मी एक चाचणीची ओळ टाकते: रंकाळा, कळंबा, शिरोळ, मंगळवार पेठ, एकदा लहान अक्षरांत, एकदा मोठ्या, एकदा तिरकी. छापणाऱ्याला सांगते, ही ओळ आधी काढून दाखव, मग बाकीची तीनशे पानं.

त्या पोराचा प्रबंध शेवटी सगळीकडून नीट झाला. राहिलं होतं बाइंडिंग. कव्हरवर सोनेरी अक्षरात शीर्षक, आणि शीर्षकात पन्हाळा. बाइंडरकाकांकडे पितळी खिळ्यांचा डबा, त्यात इंग्रजी अक्षरांचा एकच संच, टिंबवाला एल असायचा प्रश्नच नव्हता. मी त्यांना युनिकोड, फॉन्ट, १ई३६ सगळं सांगायला लागले. त्यांनी चष्मा वर केला.

"टिंबच पायजे न्हवं?"

त्यांनी आधी साधं शीर्षक दाबून घेतलं. मग डब्यातून पूर्णविरामाचा खिळा काढला, गरम केला, सोनेरी कागद परत ठेवला आणि एलच्या खाली अंदाजानं एकदा टेकवला. पाच प्रती, पाच टेकण्या. चौथ्या प्रतीवर ते जरा डावीकडं गेलंय.